दुबईला बिऱ्हाड हलवताना: उन्हाची बेगमी

कोकणात मे महिन्यात आगोटीची धांदल असते. तांदूळ, सुकी मासळी, आमसुलं, जळाऊ लाकूड, सगळं पाऊस लागायच्या आत घरात आलं पाहिजे. दुबईत अशी आगोट उन्हाळ्यासाठी करावी लागते. मे ते सप्टेंबर दिवसा पारा चाळिशीच्या आसपास आणि बऱ्याचदा त्याच्या वर असतो. ऑगस्टमध्ये त्यात समुद्राची दमट हवा मिसळली, की एसीतून बाहेर पाऊल टाकताक्षणी चष्म्यावर धुकं धरतं आणि पुसलं तरी पुन्हा धरतं. जाहिरातीतलं निळं आकाश आणि किनाऱ्यावरची संध्याकाळ नोव्हेंबर ते मार्चची असते. उरलेल्या महिन्यांत ऊन खिडकीतूनच बघायचं.

पहिल्या वर्षी कुटुंबं हैराण होतात ती मात्र एकट्या उन्हाने नाही. अटेस्टेशन (कागद खरा असल्याचे सरकारी शिक्के) न झालेली पदवी, घरभाड्याला एकदम लागणारी रक्कम, वेळेवर न मिळालेलं चेकबुक, आणि बायको-मुलांना भर जुलैत आणून बसवणं, या गोष्टी जास्त छळतात. यातलं जवळजवळ सगळं निघण्याआधी टाळता येतं.

कागद: भारतातच संपवायचं काम

पदवी, लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले, या तीन कागदांचं अटेस्टेशन लागतं. अपोस्टिलचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालणारा, एकच शिक्का पुरेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, त्यामुळे पूर्ण साखळी करावी लागते. पदवीसाठी आधी विद्यापीठाची पडताळणी आणि राज्याच्या शिक्षण विभागाचा शिक्का. लग्न आणि जन्माच्या दाखल्यांसाठी राज्याच्या गृह विभागाचा. मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, आणि शेवटी तिकडे उतरल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, ज्याची फी कागदामागे १५० दिरहम आहे. सगळ्यात वेळ खाते ती विद्यापीठाची पडताळणी, म्हणून मुलाखतीच्या फेऱ्या सुरू असतानाच ती टाकून ठेवा. अर्ज नाकारला गेला तरी अटेस्ट झालेली पदवी वाया जात नाही.

अडतं कुठे, तर नावांत. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव. तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. ‘देशपांडे’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक अक्षर जास्त असलं तरी फॅमिली व्हिसाचा अर्ज परत येऊ शकतो. जन्मदाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत हवा आणि त्यावर मुलाचं नाव चढवलेलं हवं. रुग्णालयातून नोंद झालेल्या कितीतरी दाखल्यांत नावाचा रकाना कोराच राहतो. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी दुरुस्त करा, कारण एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर तिकडे प्रवेशालाच अडचण येते.

मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कोणाकोणाच्या सह्या लागतात ते तिकडच्या शाळेकडून लेखी मागवा आणि शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी गाव सोडण्याआधी घ्या. दुबईतून हे काम करायचं म्हणजे गावातल्या मेव्हण्याला चार खेटे.

पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शेरा असेल, म्हणजे दहावी झालेली नसेल, तर नोकरीसाठी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून एमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावाच लागतो. एजंट नोंदणीकृत आहे का तेही त्याच पोर्टलवर दिसतं. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, तिकडे वर्क व्हिसा करून देऊ’ असं म्हणणाऱ्याचं तिकीट घेऊ नका. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पगार बुडाला तर तक्रारही अंगावर येते.

ऑफर लेटरमध्ये बघायचा एकच आकडा

एकूण पगार नव्हे, बेसिक बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, त्यानंतर ३० दिवसांचं, आणि तेही किमान एक वर्ष पूर्ण केल्यावर. पगार १०,००० दिरहम आणि त्यात बेसिक ४,००० असेल तर वर्षाची ग्रॅच्युइटी २,८०० दिरहम. बेसिक ६,००० असेल तर ४,२००. पगार तोच, पण पाच वर्षांत ७,००० दिरहमचा फरक पडतो. एकूण रकमेवर घासाघीस करून दमण्यापेक्षा तिची विभागणी बदलून मागा. कंपनीला महिन्याला एक पैसा जास्त लागत नसल्याने ती मान्य होण्याची शक्यता बरी असते.

प्रोबेशन कायद्याने सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च कंपनीचाच. तो पगारातून कापायचा नाही आणि पासपोर्टही कंपनीने ठेवून घ्यायचा नाही. तिकडच्या कामगार मंत्रालयात नोंदलेलं ऑफर लेटर आणि एंट्री परमिट, दोन्ही हातात आल्याशिवाय इथला राजीनामा देऊ नका. फुफ्फुसावर जुन्या क्षयाचा डाग असण्याची शक्यता असेल तर राजीनाम्याआधी इथे एक्स-रे काढून डॉक्टरांशी बोलून घ्या. तिकडच्या वैद्यकीय तपासणीत रक्ताबरोबर छातीचा एक्स-रेही असतो, आणि व्हिसा त्याच्यावर अवलंबून असतो.

बॅगेत काय नको

खसखस. अमिरातीत ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते आणि ती सापडल्याने लोक तुरुंगात गेले आहेत. आपल्याकडे खसखस डब्यात वेगळी ठेवलेली असते तेवढीच नसते. गोड्या मसाल्यात, कांदा-लसूण मसाल्यात, अनारशांवर, डिंकाच्या लाडवांत, करंजीच्या सारणात ती असते. आईने, सासूबाईंनी प्रेमाने बांधून दिलेला प्रत्येक डबा उघडून विचारा. मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा कुटून घ्या.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या यांवर नियंत्रण आहे. त्यांच्यासाठी अमिरातीच्या सरकारकडून ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते, सोबत डॉक्टरांची अलीकडची चिठ्ठी. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्याही मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह ठेवा. डब्यांत सुट्या भरलेल्या गोळ्या नेऊ नका. गुटखा आणि तंबाखूचा मावा इथेच सोडा.

मिक्सर, इडलीपात्र, कुकर खुशाल न्या. वीज २२० ते २४० व्होल्टची, आपल्यासारखीच. सॉकेट मात्र चौकोनी तीन पिनांचं, ब्रिटिश पद्धतीचं. स्वस्त अडॅप्टरवर मिक्सर चालवू नका, ऐन वाटणात तो तापून वितळतो. तिकडच्या हार्डवेअरच्या दुकानात १३ अँपिअरचा प्लग घेऊन वायरलाच नवा बसवून घ्या.

पहिला महिना

क्रम असा असतो: वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडीसाठी (तिकडचं ओळखपत्र) बोटांचे ठसे, आरोग्य विमा, मग व्हिसा. पासपोर्टवर आता व्हिसाचं स्टिकर लागत नाही, आयडी कार्ड हाच रहिवासाचा पुरावा. कार्ड हातात येईपर्यंत बँक खातं रीतसर उघडत नाही, आणि खातं नाही तर चेकबुक नाही. चेकबुक नसलं तर घर नाही, कारण भाडं चेकांनीच द्यायचं असतं. म्हणून पहिले चार ते सहा आठवडे हॉटेल-अपार्टमेंटमध्ये किंवा ओळखीच्यांकडे काढायचे, असंच धरून चाला. कंपनी दोन आठवड्यांची सोय देत असेल तर सहा मागा.

याच महिन्यात नोकरी जाण्याचा विमा काढायचा. तो सक्तीचा आहे आणि न काढल्यास ४०० दिरहम दंड होतो. हप्ता अगदी किरकोळ, १६,००० पर्यंत बेसिक असणाऱ्यांना महिन्याला ५ दिरहम, त्यावर १०. नोकरी गेली तर बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. पण त्याआधी सलग १२ महिने हप्ते भरलेले असावे लागतात आणि दावा ३० दिवसांत करावा लागतो. स्वतः राजीनामा दिला तर काही मिळत नाही.

आरोग्य विम्याच्या कार्डावर प्रत्येक भेटीत किती टक्के स्वतः भरायचे ते बघा. साध्या योजनेत २० टक्के असतात. दातांचं काम बहुतेक साध्या योजनांत येत नाही, म्हणून रूट कॅनाल, दाढ काढणं ही कामं पुण्या-मुंबईतच उरकून जा.

इकडे भारतात बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं, इकडच्या उत्पन्नासाठीचं) करून घ्या आणि तिकडचा पगार पाठवायला एनआरई हे दुसरं अनिवासी खातं उघडा. अनिवासी झाल्यावर साधं खातं तसंच चालू ठेवणं नियमाला धरून नाही. चालू पीपीएफ मुदत संपेपर्यंत भरता येतो, नवा उघडता येत नाही. तिकडच्या पगारावर आयकर नाही, पण इकडच्या भाड्यावर आणि एनआरओ ठेवींच्या व्याजावर कर लागतोच.

घर: कुठे आणि किती पैसे

भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांच्या चेकांनी दिलं जातं, एक, दोन, चार, सहा किंवा बारा. चेक जितके कमी, तितकी भाड्यात सवलत. आता ६०,००० दिरहम वार्षिक भाड्याचा एक बेडरूमचा फ्लॅट धरू. चार चेक ठरले तर पहिला १५,००० चा. अनामत पाच टक्के म्हणजे ३,००० (फर्निचरसह घराला दहा टक्के). दलाली पाच टक्के आणि तिच्यावर व्हॅट, मिळून ३,१५०. इजारी, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, सुमारे २००-२२५. वीज-पाण्याची अनामत फ्लॅटला २,००० (व्हिलाला ४,०००), वर जोडणीची थोडी फी. किल्ली हातात पडण्याआधीच साडेतेवीस हजार दिरहम गेले, आणि घरात अजून गादीही नाही. एवढी रक्कम आणि वर दोन महिन्यांचा खर्च सोबत घेऊनच निघायला हवं. पहिला पगार येईल त्यात भागवू, हा हिशोब इथे बसत नाही. नव्या माणसाचं क्रेडिट कार्ड आणि कर्ज याच खड्ड्यात सुरू होतं.

वीज-पाण्याच्या बिलात एक ओळ ‘हाउसिंग फी’ची येते. वार्षिक भाड्याच्या पाच टक्के, बारा महिन्यांत विभागून. वरच्या उदाहरणात महिन्याला २५० दिरहम. पहिलं बिल बघून लोक मीटर बिघडला म्हणून तक्रार करायला जातात. मीटर ठीक असतो.

खरा फरक पाडतो तो चिलर. कित्येक इमारतींत एसीचं गार पाणी बाहेरच्या डिस्ट्रिक्ट कूलिंग कंपनीकडून येतं. त्याचं बिल वेगळं, अनामतही वेगळी, आणि त्यात दोन भाग असतात: वापराचा आकार आणि ठरावीक मासिक आकार. दुसरा भाग महिनाभर एसी बंद ठेवला तरी लागतो. तो मालक भरणार की भाडेकरू, हे करारात लिहून घ्या. जाहिरातीत ‘चिलर फ्री’ असेल तर हा खर्च भाड्यात धरलेला असतो. ६०,००० चं चिलर फ्री घर पुष्कळदा ५५,००० च्या चिलरवाल्या घरापेक्षा स्वस्त पडतं. आधीच्या भाडेकरूचं ऑगस्टचं बिल मागून बघा. जानेवारीचं बिल दाखवून कोणी समाधान करत असेल तर ते घर सोडा.

चेक लिहिताना सही बँकेतल्या नमुन्यासारखीच करा. पैसे असूनही सही जुळली नाही म्हणून चेक परत येतो. २०२२ पासून पैसे कमी पडल्याने परतलेला चेक बहुतेक प्रकरणांत फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. पण मालकाला थेट अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाता येतं आणि त्यातून खातं गोठणं, देश सोडायला बंदी इथपर्यंत गोष्ट जाते. चारही तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये पाच दिवस आधीच्या सूचनेसह टाका, आणि दिलेल्या प्रत्येक चेकचा फोटो ठेवा.

भाडेवाढ मालकाच्या मनावर नाही. दुबईत २०१३ च्या आदेशाप्रमाणे, तुमचं भाडं बाजारभावापेक्षा दहा टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढच करता येत नाही. ११ ते २० टक्के कमी असेल तर पाच टक्के, २१ ते ३० ला दहा, ३१ ते ४० ला पंधरा, त्यावर वीस. बाजारभाव म्हणजे जमीन विभागाच्या निर्देशांकात दिसतो तो. बदलाची सूचना नूतनीकरणाच्या ९० दिवस आधी यायला हवी. घर विकायचं किंवा स्वतः राहायचं म्हणून बाहेर काढायचं असेल तर नोटरी किंवा रजिस्टर पोस्टाने १२ महिन्यांची नोटीस लागते. व्हॉट्सअॅपवर आलेला ‘दोन महिन्यांत घर रिकामं करा’ हा निरोप नोटीस नव्हे. हे मालकाशी भांडून नव्हे, निर्देशांकाचं पान शांतपणे पाठवून सांगितलं की बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

शेजारच्या शारजात भाडं कमी, म्हणून पुष्कळ मराठी कुटुंबं तिकडे घर घेतात. मेट्रो शारजाला जात नाही. करार करण्याआधी एखाद्या मंगळवारी सकाळी सात वाजता त्या इमारतीखालून ऑफिसपर्यंत जाऊन बघा आणि संध्याकाळी सहाला परत या. रोजचे दोन-तीन तास आणि सालिकचा, म्हणजे दुबईच्या रस्त्यांवरचा, टोल (गर्दीच्या वेळी एका फाटकाला ६ दिरहम) धरून मगच वाचलेलं भाडं मोजा. शारजात शुक्रवार ते रविवार सुट्टी असते, दुबईतल्या सरकारी कचेऱ्या आणि शाळा शुक्रवारी अर्धा दिवस चालू असतात. नवरा-बायको दोन्हीकडे नोकरीला असतील तर शुक्रवारी मुलांना कोण बघणार ते आधी ठरवा.

एकट्याने जाणाऱ्याला बेड-स्पेस (सामायिक खोलीतली एक खाट) किंवा पार्टिशन स्वस्त दिसतं. हॉलमध्ये प्लायवूड लावून केलेल्या खोल्या बेकायदा आहेत. तपासणी झाली की राहणाऱ्याला बाहेर पडावं लागतं, आणि रोख दिलेले पैसे परत मागायला हातात कागद नसतो. शेअरिंगच करायचं तर इजारीवर ज्याचं नाव आहे त्याच्याशी करा आणि आपलं नाव सहनिवासी म्हणून नोंदवून घ्या. गादी उचलून शिवणी बघा. बारीक काळे ठिपके म्हणजे ढेकूण. फवारणी पालिकेची मान्यता असलेल्याच कंपनीकडून करून घ्या. शेजारच्या घरात कोणी बाजारातून आणलेल्या जहाल गोळ्या ठेवल्या तर त्यांचा वायू भिंतींतून आणि नळ्यांतून पसरतो, आणि तसे मृत्यू तिथे झालेले आहेत. उग्र लसणासारखा वास आला तर कारण शोधत बसू नका, मुलांना घेऊन बाहेर पडा आणि पोलिसांना कळवा.

उन्हाळ्याचं घरकाम

जूनच्या एखाद्या दुपारी निळ्या खुणेचा नळ सोडला आणि हात भाजला, तर नळ उलटे बसवलेत असं समजू नका. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं आणि ती दिवसभर उन्हात उभी असते. जुन्या इमारतींतले लोक मेच्या मध्याला गीझरचं बटण बंद करून टाकतात. गीझर घराच्या आत, एसीच्या गारव्यात असतो. त्यात भरलेलं पाणी काही तासांत निवतं. मग लाल खुणेचा नळ गार आणि निळ्या खुणेचा कढत, असा उलटा संसार ऑक्टोबरपर्यंत चालतो. ५० लिटरचा गीझर म्हणजे अडीच-तीन बादल्या, तेवढ्यात एकाची आंघोळ आरामात होते. दुसऱ्याने तीन-चार तासांनी करावी, किंवा रात्रीच बादल्या भरून न्हाणीघरात ठेवाव्यात. ऑक्टोबरमध्ये गीझर पुन्हा लावाल तेव्हा पाणी चांगलं कढत, साठ अंशांपर्यंत तापू द्या आणि पहिल्या दोन-तीन बादल्या ओतून टाका. महिनोन्‌महिने कोमट साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

एसी २४ वर ठेवा. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, बिल तेवढं वाढतं. विजेचा दर पहिल्या २,००० युनिटना युनिटमागे २३ फिल्स (१०० फिल्सचा एक दिरहम), पुढे टप्प्याटप्प्याने चढतो आणि वर इंधन अधिभार. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. छतातून पाणी ठिबकायला लागलं तर वरच्या मजल्यावर गळती समजून भांडायला जाऊ नका. बहुतेक वेळा तुमच्याच एसीचं पाणी वाहून नेणारी नळी शेवाळाने तुंबलेली असते. एसीच्या जाळीभोवती काळे ठिपके दिसले की ती बुरशी. घरात कोणाला दमा असेल तर त्याच आठवड्यात डक्ट साफ करून घ्या.

पहाटे फिरायला जाणं हा आपला उन्हाळ्यातला उपाय तिथे ऑगस्टमध्ये चालत नाही, कारण हवेतला दमटपणा पहाटेच सर्वांत जास्त असतो आणि घाम वाळतच नाही. काही मॉल उन्हाळ्यात चालणाऱ्यांसाठी सकाळी लवकर उघडतात, तिथे जा. मुलांना घसरगुंडीवर सोडण्याआधी हाताने पत्रा बघा.

एवढं ऊन असून डॉक्टर ड जीवनसत्त्वाची तपासणी सांगतात, याचं नवल वाटतं. पण एसीतून गाडीत आणि गाडीतून एसीत जाणाऱ्या अंगाला ऊन लागतच नाही. कमतरता तिथे सर्रास आढळते. नोव्हेंबर ते मार्च ऊन अंगावर घ्या आणि वर्षातून एकदा रक्त तपासा.

बाहेर काम करणाऱ्यांसाठी १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम बंद ठेवण्याचा नियम आहे. मुकादम थांबवत नसेल तर कामगार मंत्रालयाकडे तक्रार करता येते. लघवीचा रंग गर्द पिवळा झाला की पाणी कमी पडतंय, आणि नुसतं पाणी पुरत नाही, मीठही हवं: ताक, लिंबूसरबत, ओआरएस. डोकं दुखणं, पायात गोळे, मळमळ इथपर्यंत सावलीत आडवं करून, पाणी पाजून माणूस सावरतो. तो असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग तापून शुद्ध हरपायला लागली तर तो उष्माघात. ९९८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा. शुद्धीवर नसलेल्याला काही पाजू नका.

गाडी

भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही. डोळ्यांची तपासणी, थिअरी, ड्रायव्हिंग स्कूलचे तास, पार्किंगची आणि रस्त्यावरची चाचणी, सगळं करावं लागतं. जुनं भारतीय लायसन्स दाखवलं तर तास कमी होतात, म्हणून ते सोबत न्या. वाहतूक उजवीकडून. आपल्या हाताला लागलेली सगळ्यात महाग सवय म्हणजे लेन बदलताना नुसत्या आरशावर भरवसा ठेवणं. परीक्षक मान वळवून खांद्यावरून मागे बघितलं का, ते बघतो. नापास झालं की पुन्हा तास आणि पुन्हा फी. एकदम उत्तीर्ण होणाऱ्यांपेक्षा दोन-तीन खेपा लागणारे जास्त भेटतात, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

बॅटरी दीड-दोन वर्षांत जाते, तीही बहुतेक जुलैत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. जुनी गाडी घेताना नक्षी किती उरली याआधी हे आकडे बघा. पाच वर्षांवरचे टायर नियमात बसत नाहीत, आणि तापलेल्या रस्त्यावर तेच फुटतात. हवा सकाळी टायर थंड असताना भरा. लायटर, परफ्यूम, सॅनिटायझर गाडीत ठेवू नका. काचांवर ५० टक्क्यांपर्यंत फिल्म चालते, ती लावून घ्याच. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला इथे एका दिवसात २५४ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि दुबईतही तळघरातल्या गाड्या बुडाल्या. तेव्हापासून वाळवंट म्हणून पुराचा विमा सोडून देणं परवडत नाही. पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीचा उल्लेख आहे का, हे वाचूनच पैसे भरा.

घरी राहणाऱ्या माणसासाठी

कुटुंब ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणा, किंवा शाळेसाठी मार्चच्या शेवटी, कारण सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. जुलै-ऑगस्टमध्ये आणू नका. शाळा बंद, शेजारी गावी गेलेले, मैदानं ओस. नवरा सकाळी सातला जातो आणि रात्री आठला येतो, आणि मधले तेरा तास बायको अनोळखी इमारतीत बंद खिडक्यांआड असते. पहिल्याच आठवड्यात ‘मला परत जायचंय’ ऐकू येतं, आणि त्यात त्या बाईचा काही दोष नसतो. ऑक्टोबरमध्ये आलं की बागेत ओळखी होतात, महाराष्ट्र मंडळाचे दिवाळीचे कार्यक्रम असतात, आणि उन्हाळा येईपर्यंत फोन करायला चार घरं झालेली असतात. गणपती आणायचा तर छोटी मूर्ती घ्या आणि विसर्जन घरीच बादलीत करा.

व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात, कॉल एरवी लागत नाही. आई-बाबांच्या फोनवर निघण्याआधी बोटिम, झूम किंवा गूगल मीट यांपैकी एखादं कॉलिंगचं अॅप टाकून द्या आणि समोर बसून दोनदा लावून दाखवा. नंतर फोनवरून हे शिकवणं फार जड जातं. ओळखीच्या बाईला परस्पर कामाला ठेवू नका. तिचा व्हिसा दुसऱ्याच्या नावावर असेल तर दंड ५०,००० दिरहमपासून सुरू होतो. परवाना असलेल्या कंपनीकडून तासांवर मदत मिळते. आणि इमारतीच्या ग्रुपवर रागाच्या भरात लिहिलेली शिवी तिथे सायबर गुन्हा ठरते.

उन्हाळ्यात गावी येताना

तिकीट फेब्रुवारीत काढा, शाळांची सुट्टी लागली की भाव चढतात. रहिवासी व्हिसावर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर साधा व्हिसा बाद होतो, बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्यांनी तारखा मोजून घ्याव्यात.

घर बंद करताना एसी पूर्ण बंद करू नका. बंद घरात दमट हवा कोंडून तीन आठवड्यांत चामडी बूट, गादी, कपाटातल्या साड्या बुरशीने पांढऱ्या होतात. थर्मोस्टॅट २६-२७ वर, पंखा ऑटोवर, पडदे ओढलेले, कपाटांची दारं किंचित उघडी. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद. न्हाणीघराच्या जाळीवर पाणी ओतून वर प्लास्टिक टाका, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी सुकून झुरळं वर येणार नाहीत. फ्रिज रिकामा करून चालूच ठेवा. गाडी सावलीत लावा, उघड्यावर धुळीने माखलेली गाडी दुबईत ५०० दिरहम दंडाला पात्र असते. बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवा आणि दहा नंबरचा पाना गाडीतच असू द्या, परत आल्यावर रात्री दोन वाजता तो शोधावा लागत नाही.